जाऊ का, मिस्टर पास्क?

आमच्या हॉक्सहॅमचा माणूस खांबाला धडकला, तर आधी खांबाची माफी मागतो आणि मग स्वतःच्या कपाळाला हात लावून बघतो. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. बाजारचौकात माझं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान आहे, वडिलांच्या आधीपासूनचं. गिऱ्हाईक दार ढकलून आत येतं ते 'त्रास देतोय, माफ करा' म्हणतच. दर वेळी मला वाटतं, अरे बाबा, तू त्रास दिला नाहीस तर मी खाणार काय? पण अशा या गावातसुद्धा हेटी ग्रिमवेडच्या तोडीचं कुणी नाही. कोंबडीखालचं अंडं काढतानाही ती कोंबडीची परवानगी घेते, असं ओलिव्ह म्हणते. ओलिव्ह माझी बायको, आणि ती सहसा खोटं बोलत नाही.

हेटी उंच, हाडकुळी, पायात पुरुषी बूट, आणि बारा महिने अंगात तोच हिरवा कोट, कमरेला सुतळीनं बांधलेला. नदीकाठच्या कुरणाशेजारी तिचं घर, थोडी जमीन, कोंबड्या आणि मधमाश्यांच्या पेट्या. दर बुधवारी, म्हणजे आमच्या बाजाराच्या दिवशी, ती एक जुनी काळी बाबागाडी ढकलत चौकात येते. गाडीत पेंढ्यावर अंडी, बाजूला मधाच्या आणि मुरंब्याच्या बरण्या, वसंतात रुबार्ब नावाच्या आंबट भाजीच्या लाल काड्या. लग्न न झालेली बाई बाबागाडी घेऊन येते म्हटल्यावर थट्टेला काय तोटा! डग मासेवाला तर दर आठवड्याला न चुकता ओरडतो, "काय हेटी, बाळ कसं आहे?"

"कवच पातळ झालंय रे त्याचं," हेटी म्हणते. "शिंपले असतील तर दे थोडे, कुटून कोंबड्यांना घालते."

आणि तो शिंपले देतो. वर्षानुवर्षं हाच विनोद, हेच उत्तर, हेच शिंपले. ज्या दिवशी तो विचारणार नाही त्या दिवशी हेटी त्याला ताप आलाय का बघायला जाईल.

चौकाच्या मधोमध ओकच्या आठ खांबांवर उभी असलेली बाजारछत्री आहे, तिच्याखाली हेटीची जागा. उन्हाळ्यात बस भरभरून पाहुणे येतात ते ही छत्री, चर्चचा कललेला मनोरा आणि दगडी पंप बघायला. समोर जी बाई दिसेल तिला ते विचारतात, आणि समोर हेटी असते. मनोरा का कलला? खालची जमीन दलदलीची आहे म्हणून, असं शाळेत शिकवतात. हेटी सांगते, "सातशे वर्षं लोक त्याच्या पायाशी बसून पुटपुटत प्रार्थना करतायत. मोठ्यानं कुणी बोलतच नाही. ऐकू यावं म्हणून वाकलाय बिचारा." पाहुणे हसतात, अंडी घेतात. आमच्या बाजाराची सनद एका राजानं दिली, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण राजा इथं थांबला तो कुरणातल्या लोण्यासाठी, त्या लोण्याला ऊन लागू नये म्हणून पुढे ही छत्री बांधली, आणि या सगळ्याच्या आधीपासून बायका टोपल्या घेऊन ज्या वाटेनं वर यायच्या तो लोण्याचा बोळ, ही सगळी साखळी हेटीच्या तोंडून ऐकावी. ऐकताना वाटतं की त्या बायकांत ही होतीच. टोपलीऐवजी बाबागाडी, एवढाच फरक.

आता या बोळाबद्दल सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिथलीच. कुरणातून निघालेली वाट धर्मघरांसमोरून येते. धर्मघरं म्हणजे लोकरीच्या एका व्यापाऱ्यानं मरताना पापं आठवली म्हणून बांधलेली, गावातल्या म्हाताऱ्यांसाठीची खोल्यांची ओळ. तिथून वाट एका जुन्या घराच्या अंगणात शिरते, स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जाते, त्याच घराच्या माडीखालून वाकून निघते आणि थेट चौकात येते. ते घर अॅम्ब्रोज पास्क यांचं. खोगिरं शिवणारा माणूस, बोलणं बेताचं, भुवया मात्र भरपूर. बोळातून जाणारा प्रत्येक जण त्या खिडकीशी क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, "जाऊ का, मिस्टर पास्क?" आतून आवाज यायचा, "जा." मग पुढे. माझे आजोबा पास्कच्या आजोबांना असंच विचारायचे. ही पद्धत कुणी पाडली कोण जाणे. पोर चालायला लागलं की 'नमस्कार' आणि 'आभार' यांच्या बरोबरीनं त्याला हे शिकवायचं. धर्मघरातली म्हातारी माणसं काठ्या टेकत यायची, त्यांना तर खिडकीशी थांबणं म्हणजे दम खायला निमित्तच होतं.

हेटीसुद्धा दर बुधवारी विचारायची. "जाऊ का, मिस्टर पास्क?" "जा, मिस ग्रिमवेड." एवढंच. दोघांना कधी दोन वाक्यं जास्त बोलताना मी पाहिलं नाही.

पास्क गेले. घर काही वर्षं बंद होतं. तेव्हाही लोक बंद खिडकीला विचारत होते, उत्तराला लागेल इतका वेळ थांबत होते आणि मग पुढे जात होते. बाहेरचा कुणी बघता तर म्हणाला असता, गावाला वेड लागलंय. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. मीही थांबायचो.

मग पुतण्यानं घर विकलं आणि लंडनहून मिस्टर लॉरिमर आले. माणूस वाईट नव्हता, हे मला चिडून का होईना कबूल करावं लागेल. मृदू बोलायचा, आमच्या मनोऱ्याची जलरंगातली चित्रं काढायचा. पण आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवसभर परकी डोकी उगवतात आणि 'जाऊ का' म्हणतात, याची त्याला धास्तीच बसली. एका मंगळवारी सुतार आला आणि बोळाच्या तोंडाशी फाटक बसलं. त्यावर टाळं. बिजागऱ्या माझ्या दुकानातल्या नव्हत्या, हे आधी सांगून ठेवतो.

बुधवारी हेटी गाडी घेऊन आली आणि फाटकाशी उभी राहिली. टाळ्याला विचारता येत नाही. ती मागे वळली आणि मोठ्या रस्त्यानं, चढावरून, मालट्रकांच्या वाऱ्यात गाडी धरून चौकात पोचली. निम्मी अंडी फुटली होती. तिनं एक अक्षर तक्रार केली नाही, फुटक्या अंड्यांचा बलक कोटावरून पुसत मला म्हणाली, "सिरिल, मी कशीबशी आले. पण मिसेस किंड्रेड नाही येऊ शकणार."

मिसेस किंड्रेड धर्मघरांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या. पायांत जोर नाही, पण बुधवार कधी चुकवायच्या नाहीत. एक अंडं, एक मासा आणि गावभरच्या बातम्या घेऊन घरी जायच्या. त्या आल्या नाहीत. बाकीचेही हळूहळू यायचे थांबले. त्या चढाला पदपथ नाही आणि ट्रकवाल्यांना दयामाया नाही. हेटी बाजार उठल्यावर त्यांच्या दारात अंडी पोचवायची. पण मिसेस किंड्रेड तिला म्हणाल्या, "अंडी मिळतात गं. बाजार मिळत नाही." हे हेटीनंच मला सांगितलं. तिला त्या म्हाताऱ्यांचं मनापासून वाईट वाटत होतं, आणि हेटीला वाईट वाटलं की ती ते घेऊन बसत नाही, कामाला लागते. तीच दारोदार फिरली, तिनंच नगरपालिकेला हलवलं, आणि अखेर ठरलं की सरकारी निरीक्षक येणार आणि बोळ कुणाचा ते भर सभेत ऐकून ठरवणार.

आमच्याकडचा कायदा मोठा गमतीचा आहे. एखाद्या वाटेनं लोक वीस वर्षं उजळ माथ्यानं, कुणाला न विचारता गेले, तर ती वाट लोकांची. विचारून गेले, तर ती मालकाची मेहेरबानी, आणि मेहेरबानी कधीही बंद करता येते. आता हे कायद्यातलं आम्हाला आधी कुणी नीट समजावलं असतं तर? पण नगरपालिकेच्या माणसाला वाटलं, साक्षीदार भरपूर आहेत, सगळे जन्मभर त्या वाटेनं चाललेत, आणखी काय पाहिजे!

सुनावणी धान्यबाजाराच्या जुन्या सभागृहात होती. निरीक्षक म्हणून पिकल्या केसांच्या, शांत चेहऱ्याच्या एक बाई आल्या होत्या. लॉरिमरचा वकील गोरागोमटा आणि लोण्यासारखा मऊ. पहिली साक्ष माझी. मी छाती काढून सांगितलं की मी, माझा बाप, माझा आजा, सगळे याच बोळातून ये-जा करत आलो.

"आणि जाताना," वकील म्हणाला, "मिस्टर पास्क यांना विचारत होतात?"

"म्हणजे काय! दर वेळी!"

"एकदाही न विचारता गेला नाहीत?"

मला राग आला. "साहेब, सभ्य घरातला माणूस दुसऱ्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून न विचारता जातो का? आम्ही काय रानटी आहोत?"

सभागृहात टाळ्या पडल्या. वाकून नमस्कार करायचं तेवढं बाकी राहिलं. वकीलही हसला आणि म्हणाला, "आभारी आहे, फारच आभारी आहे." तेव्हाच मला कळायला हवं होतं. माझ्यामागून डग आला, तोही म्हणाला, विचारायचो. पाववाल्याची विधवा म्हणाली, मी तर दोनदा विचारायची, मिस्टर पास्क यांना कमी ऐकू यायचं. शाळेच्या बाई म्हणाल्या, मुलांना मी स्वतः शिकवलंय. एकेक साक्षीदार यायचा, सभ्यपणाची पदकं छातीवर लावायचा आणि आमच्याच बोळावर एकेक टाळं ठोकून जायचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मधल्या सुट्टीत नगरपालिकेच्या माणसानं कायदा समजावून सांगितला, तेव्हा मला माझीच जीभ चावावीशी वाटली.

सभागृहाच्या पायऱ्यांवर आम्ही भाकऱ्या तोडल्यासारखे सँडविच चावत बसलो होतो. साक्ष द्यायची फक्त हेटी राहिली होती.

"हेटी," डग म्हणाला, "तू सांग की तू कधी विचारलंच नाहीस."

"पण विचारायची ना मी."

"अगं, पण सांगायला काय जातं? गावासाठी!"

"डग, तुझा मासा ताजा नसतो त्या दिवशी तू काय सांगतोस?"

"...ताजा आहे म्हणतो."

"म्हणूनच मी त्या दिवशी घेत नाही," हेटी म्हणाली. विषय संपला.

तेवढ्यात ओलिव्ह हळूच म्हणाली, "हेटी, एका हिवाळ्यात मिस्टर पास्क तुला 'नाही' म्हणायचे ना? मी बोळात मागे उभी होते एकदा. ऐकलंय मी."

हेटीच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं. ती कानापर्यंत लाल झाली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला लाजताना पाहिलं.

"ते आमच्या दोघांतलं आहे, ओलिव्ह."

"पण त्यानं बोळ वाचत असेल तर?"

"तो माणूस आता जमिनीखाली आहे. त्याला चारचौघांत उघडं पाडू? ज्यानं जन्मात कुणाजवळ मन मोकळं केलं नाही, त्याचं मन मी धान्यबाजारात मांडू?" ती उठली, कोटाची सुतळी आवळली आणि आत गेली. ओलिव्हनं मला डोळ्यांनी दटावलं, की आता तू एक शब्द बोलू नकोस. मी बोलणार नव्हतोच, पण मनात म्हटलं, संपलं. बोळ गेला, मिसेस किंड्रेडचा बुधवार गेला.

हेटी साक्षीला उभी राहिली. वकिलानं तिला अगदी मखमली आवाजात विचारलं. हो, दर बुधवारी विचारायची. हो, ते 'जा' म्हणायचे. हो, मगच जायची. वकील बसण्यासाठी कोट सावरायला लागला.

पहिल्या रांगेत मिसेस किंड्रेड चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. डगनं त्यांना माशाच्या गाडीतून आणलं होतं, आणि तसा वासही येत होता. कित्येक आठवड्यांनी बाहेर पडायला मिळालं म्हणून ठेवणीतली टोपी घालून आल्या होत्या आणि सगळीकडे लहान मुलासारखं टकमक बघत होत्या. हेटी त्यांच्याकडे बघत राहिली. मग निरीक्षकबाईंकडे वळली.

"माफ करा, त्रास देते. अजून एक सांगायचंय. एका हिवाळ्यात ते 'नाही' म्हणाले होते."

वकील अर्धवट बसलेला तसाच थांबला.

"एकदा?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

"सबंध हिवाळा. मी विचारायचे, 'जाऊ का, मिस्टर पास्क?' ते म्हणायचे, 'नाही.'"

"मग तुम्ही काय करायचात?"

"मी म्हणायचे, 'आभारी आहे, मिस्टर पास्क.' आणि जायचे."

सभागृहात हशा पिकला. निरीक्षकबाई हसल्या नाहीत. "ते नाही म्हणाले, तरी तुम्ही गेलात?"

"अंडी होती ना गाडीत," हेटी म्हणाली. "आणि बाजार भरला होता. विचारणं ही रीत असते, बाईसाहेब. वाट काय, ती होतीच की."

"त्यांनी अडवलं नाही?"

"पहिल्या बुधवारी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले होते. रागातसुद्धा 'मिस ग्रिमवेड'च म्हणाले. म्हणाले, 'मला तुम्हाला अडवता येत नाही, मिस ग्रिमवेड, ठाऊक आहे मला! ही वाट माझ्या आजोबांच्या आधीपासून तुम्हा लोणीवाल्यांची आहे. पण नाही म्हणायचा हक्क तरी माझा आहे ना!' मी म्हटलं, 'आहे, मिस्टर पास्क. नक्कीच आहे.'"

नगरपालिकेच्या माणसाच्या तोंडाचा आ वासला तो तसाच. वाटेचा मालकच स्वतःच्या तोंडानं सांगून गेला होता की वाट लोकांची आहे. वकील म्हणाला की मेलेल्या माणसाचं बोलणं कुणी तपासायचं? ओलिव्ह जागच्या जागी उभी राहून म्हणाली, "मी होते मागे. मी ऐकलंय. आणि माझी साक्ष कुणी घेतलेलीच नाही!"

निरीक्षकबाईंनी तिला हातानं थांबवलं. "मिस ग्रिमवेड, पण ते असं का म्हणाले? काही भांडण होतं?"

हेटीनं बुटाचं टोक खालच्या फळीवर घासलं. मग म्हणाली, "ते सांगायलाच हवं का?"

"हवंच असं नाही."

"नाही सांगितलं, तर लोकांना वाटेल ते आडमुठे होते." तिनं आमच्याकडे पाहिलं, सगळ्या गावाकडे. "आडमुठे नव्हते ते. त्या वर्षी पानगळीत त्यांनी मला लग्नाचं विचारलं होतं. त्याच खिडकीतून. घरी आई अंथरुणाला खिळलेली होती, तिला कोण बघणार? मी नाही म्हणाले. मग पुढच्या बुधवारी मी विचारलं, जाऊ का, तेव्हा तेही नाही म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. फिटंफाट."

आता कुणी हसलं नाही. डगनं नाक शिंकरलं, तो आवाज सभागृहभर घुमला.

"आणि पुढे?" निरीक्षकबाईंनी विचारलं. हा प्रश्न कायद्यातला नव्हता, हे मलाही कळलं.

"पुढे वसंत आला. एका बुधवारी ते म्हणाले, 'जा, मिस ग्रिमवेड.' आधीसारखं." हेटीनं कोटाची सुतळी सोडली आणि पुन्हा बांधली. "त्या दिवशी मला जरा वाईट वाटलं."

ती आपल्या जागी येऊन बसली. ओलिव्हनं तिचा हात धरला तो सुनावणी संपेपर्यंत सोडला नाही. मी समोरच्या भिंतीवरचं कुठल्या तरी जुन्या धान्यव्यापाऱ्याचं चित्र न्याहाळत राहिलो. पाहिलं ते मी, पण तो व्यापारी कसा दिसतो ते आजही मला सांगता येणार नाही.

हेटीची आई त्यानंतर काही वर्षांनी गेली. हे सगळं गावाला माहीत होतं, म्हणजे आई गेली एवढं. त्यानंतर कितीतरी वर्षं दर बुधवारी ती त्या खिडकीशी थांबत होती, आणि आत तो माणूस होता. त्यानं पुन्हा विचारलं नाही, आणि तीही बोलली नाही. आमच्या गावात लोक वाट मागायला लाजत नाहीत, बाकी सगळं मागायला लाजतात. मला या सभ्यपणाचा त्या दिवशी इतका संताप आला की घरी येऊन मी मांजरावर ओरडलो. मग मांजराची माफी मागितली.

निकाल यायला पानगळ उजाडली. बोळ लोकांचा. चौकात चर्चच्या घंटा वाजल्या नाहीत की काही नाही, आम्ही तसली माणसं नाही. फक्त त्या दिवशी सगळे एकमेकांना जरा जास्त वेळ 'हवा छान आहे' म्हणत होते. पाऊस पडत होता.

मंगळवारी लॉरिमर माझ्या दुकानात आला. दारातूनच म्हणाला, "त्रास देतोय, माफ करा." मी मनात म्हटलं, झाला हा आमच्यातला. त्याला स्क्रू काढायचं हत्यार हवं होतं. फाटक तो स्वतःच्या हातानं उतरवणार होता. मी त्याला चांगलं हत्यार दिलं आणि बिजागऱ्या किती हलक्या होत्या तेही ऐकवलं. तो निघता निघता घुटमळला.

"मिस्टर गॉस्लिंग, उद्या त्या येतील. विचारतील. तर मी काय म्हणायचं असतं?"

"'जा' म्हणायचं."

"बस? एवढंच?"

"एवढंच. तुमच्या खिशातलं काही जात नाही."

तो मान हलवून गेला.

बुधवारी सकाळी मी दुकान ओलिव्हच्या बहिणीवर सोपवलं आणि मिसेस किंड्रेडची खुर्ची ढकलायला धर्मघरांकडे गेलो. ओलिव्ह बरोबर होती. सगळ्यांत पुढे हेटी, तिची बाबागाडी, मागे आमची खुर्ची, आणि त्यामागे काठ्या टेकत धर्मघरांतली उरलेली मंडळी. लग्नाच्या वरातीसारखे आम्ही बोळात शिरलो. फाटकाच्या जागी भिंतीत फक्त भोकं राहिली होती. खिडकीशी हेटी थांबली. तिच्यामागे सगळे थांबले.

"जाऊ का, मिस्टर लॉरिमर?"

आत भांड्याचा आवाज झाला. मग काही नाही. मग आवाज आला, चांगला खणखणीत.

"नाही!"

माझं डोकंच फिरलं. निकाल लागला, फाटक उतरलं, आणि आता हा! मी खुर्ची सोडून पुढे घुसणार, तेवढ्यात ओलिव्हनं माझी बाही पकडली. खिडकीत लॉरिमर उभा होता. अंगात ॲप्रन, हातात चहाची किटली, आणि चेहरा लालभडक. परीक्षेत उत्तर देऊन मास्तरांकडे बघणाऱ्या मुलासारखा तो हेटीकडे बघत होता. तो त्या दिवशी सभागृहात शेवटच्या रांगेत बसला होता, हे मला तेव्हा आठवलं.

हेटी हलली नाही. आम्ही कुणीच हललो नाही. तिनं टोपी जरा मागे सारली आणि त्या खिडकीकडे नीट पाहिलं, लॉरिमरकडे नाही, खिडकीकडे. मग तिनं मान झुकवली.

"आभारी आहे," ती म्हणाली. 'मिस्टर' म्हणून पुढचं नाव घ्यायला तिला थोडा वेळ लागला. "आभारी आहे, मिस्टर लॉरिमर."

आणि ती गेली. गाडीची चाकं दगडांवर करकरत माडीखालून पलीकडे निघाली. तिच्यामागून आम्ही सगळे एकेक करून खिडकीशी थांबलो, विचारलं, नकार घेतला, आभार मानले आणि बाजारात पोचलो. मिसेस किंड्रेडना तर इतकी गंमत वाटली की त्यांनी दोनदा विचारलं.

बोळाच्या टोकाशी हेटी अंड्यांवरचा पेंढा सारखा करत उभी होती. पेंढा सारखाच होता. ओलिव्ह तिच्याजवळ गेली, तेव्हा डोळे पुसायचीही लपवाछपवी न करता ती म्हणाली, "किती वर्षांनी गं कुणी नाही म्हणालं मला."

मग तिनं मिसेस किंड्रेडची खुर्ची माझ्या हातातून घेतली, ती छत्रीखाली वारा न लागणाऱ्या बाजूला नेऊन लावली आणि अंडी मांडायला बसली.